दोनच्या पुढे नाही

रसायनशास्त्राच्या बाईंनी उभा जन्म एक धडा मन लावून शिकवला : समतोल. तापमान बदला, दाब बदला, नाहीतर एका बाजूचा पदार्थ वाढवा; समतोल सरकणारच. त्यांच्या यजमानांना, म्हणजे आप्पांना, तो ऐकून ऐकून पाठ झाला होता. चहा अगोड लागला की म्हणायचे, "बाई, या बाजूचा पदार्थ जरा वाढवा."

रंगाच्या कारखान्यात राबलेल्या आप्पांच्या फुप्फुसांनी आता हात टेकले होते. पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असे. "बटण दोनवर. पुढे नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. का, ते बाईंनी विचारलं नाही. रसायनातलं आपल्याला कोण काय सांगणार, हा तोरा होताच.

एका दुपारी आप्पांना जबर धाप लागली. ओठ निळे पडले. मुलगी फोन लावत होती, डॉक्टर उचलत नव्हते. बाईंचा जीव टांगणीला लागला. रक्त आणि ऑक्सिजन यांचाही समतोलच की! ऑक्सिजन वाढवला की रक्त तो जास्त उचलणार. त्यांनी बटण पाचवर नेलं. ओठ गुलाबी झाले, धाप ओसरली, आप्पा शांत झोपले. बाईंना हायसं वाटलं.

पण आप्पा उठेनात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त झाला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याचीच ही गुंगी."

बाईंना दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही. त्यांनी एकच समतोल पाहिला होता. शरीरात असे कितीतरी एकमेकांत गुंतलेले असतात. शरमेने त्यांना मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी आप्पा दवाखान्यातच शुद्धीवर आले. उशाच्या ऑक्सिजनचं बटण पुन्हा दोनवर होतं. धाप होतीच.

"काल काय गाढ झोप लागली गं! काय केलंस?"

"बटण वाढवलं होतं."

"मग आजही वाढव ना. थोडंच."

"नाही हो वाढवता येत."

"एवढी कंजूस कधी झालीस?"

त्या कारण सांगू लागल्या, पण ऐकण्याइतकाही दम आप्पांत उरला नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाईंनी बटणाला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत आप्पा गेले, तसेच पाठ फिरवून.

"मी चुकले तेव्हा कौतुक केलं गं त्यांनी," बाई मुलीला म्हणाल्या, "आणि बरोबर वागले तेव्हा रुसून गेले."