उघाडीचं दार

अंजूरच्या केसरीनाथांना सगळे 'गोदामवाले शेठ' म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. गोदामं मुलाची. त्यांनी स्वतः तीस वर्षं खाडीच्या बांधावरची उघाडी राखली होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर जायचं, भरतीला मिटून खारं पाणी अडायचं. दार चुकलं की गावाचं भात गेलं. केसरीनाथांच्या हातून ते एकदाही चुकलं नाही. पण आता शेतांवर गोदामं उठली होती, भातच उरलं नव्हतं, तर कौतुक कोण करणार?

एका भाडेकरूने गोदाम सोडताना जुना पियानो मागेच टाकला आणि त्यांची नात उन्नती त्याला चिकटली ती चिकटलीच. ठाण्याच्या मृणाली टीचरांनी रविवारच्या कार्यक्रमासाठी तिला पाण्याच्या आवाजावर रचलेली एक जुनी परदेशी रचना दिली होती. गुरुवारी पोरगी रडतच घरी आली.

"टीचर म्हणतात, बोटं पळतात पण पाणी ऐकू येत नाही. शनिवारपर्यंत जमलं नाही तर वर्गातल्या मितेशला देणार."

"वाजव बघू," केसरीनाथ म्हणाले.

तिने वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"सुरवातीला सुकती हाय, पानी उतरतंय; शेवटाला भरती. बरोबर?"

"हो! आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"पानी हाय ते. पन मधी तू थांबत न्हायस, नुसती मोजतेस. चल."

त्याच संध्याकाळी त्यांनी तिला बांधावर नेलं. उघाडी मोडकळीला आली होती, पण दार अजून हलत होतं. ओहोटी सरत आली. पाण्याची खळखळ बारीक होत गेली, मग थांबली. दार ना इकडे ना तिकडे, नुसतं लोंबकळत राहिलं. उन्नतीने श्वास रोखला. आणि मग खालून 'धप्' असा जाड आवाज आला. दार लागलं होतं. भरती सुरू.

शनिवारी टीचरांनी ऐकलं आणि यादीत तिचंच नाव राहू दिलं.

रविवारी निम्मं अंजूर हॉलमध्ये हजर. मधल्या जागी उन्नतीचे हात थांबले, आणि संपलं असं समजून केसरीनाथांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी, टाळीसाठी हात उचलले. केसरीनाथांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"थांब. दार लागायचं हाय अजून."

पियानोच्या तळातून तो जाड सूर आला, आणि पाणी हॉलभर चढत गेलं. केसरीनाथांच्या छातीत ते मावेना.

टाळ्या ओसरल्यावर टीचरांनी माइकवरूनच विचारलं, "असं थांबायला तुला कुणी शिकवलं?"

उन्नतीने बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. टीचर म्हणाल्या, "आजोबा, आपण संगीतातले?"

केसरीनाथ उठले, टोपी नीट केली.

"न्हाय. मी अंजूरच्या उघाडीचा राखनदार."