म्हाताऱ्या गाईचा जबडा

"आजी, guess what, आईला आज एक गाय सापडली. तेराशे वर्षांपूर्वीची," नेत्रा जेवताना म्हणाली आणि सरलाबाईंचा घास हातातच राहिला.

शोभना विद्यापीठाच्या लॅबमध्ये कामाला आहे, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. ती लॅब हाडांची आहे, हे सांगायचं राहून गेलं होतं. खरं तर तिनं ते राहू दिलं होतं. सरलाबाई अमेरिकेत मुलाकडे पिस्कॅटवेला कायमच्या राहायला आल्या, त्यालाही आता वर्ष होत आलं होतं.

पुढचे दोन-तीन दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. प्रल्हादनं आईला समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. शनिवारी सकाळी मात्र त्या साडीवर स्वेटर चढवून शोभनासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, दाखव मला."

सुट्टीमुळे लॅबमध्ये कुणी नव्हतं. शोभनानं टेबलावर ट्रे मांडले. आयर्लंडमधल्या एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या आवारात ही हाडं निघाली होती आणि अभ्यासासाठी इथे आली होती. मठ म्हणजे एक गावच होतं, तिनं सांगितलं. गाईंच्या दुधालोण्यावर सगळ्यांचं चालायचं. लोकरीसाठी मेंढ्या होत्या, कोठारात उंदीर होऊ नयेत म्हणून मांजरं. धर्मग्रंथ लिहायचे ते वासरांच्या कातड्यावर.

ट्रेमधल्या वासरांच्या इवल्याशा हाडांकडे सरलाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. पोथीसाठी वासरू मारायचं, हे त्यांच्या पचनी पडेना. शोभनानं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तिनं शेवटच्या खोक्यातून एक जबडा काढला. दात पार झिजून गेलेले. बाकीच्या गाई हिच्यापेक्षा कितीतरी लहान वयात कापल्या गेल्या होत्या. ही दूध आटल्यावरही बरीच वर्षं जगली असावी.

"मग हिला का ठेवली?"

"हाडांवरून तेवढं कळत नाही, आई."

"कुणाचा तरी जीव जडला असेल."

"तसं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही."

"नको लिहूस," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे मागून घेतले आणि त्या दातांवरून एकदा बोट फिरवलं. मग जबडा स्वतःच खोक्यात ठेवला.

गाडीकडे चालत जाताना त्या मोकळेपणानं बोलत होत्या. संध्याकाळी थालीपीठ लावू म्हणाल्या. शोभनाला हलकं वाटलं. नागपूरला ती जनावरांची डॉक्टर होती. इथल्या लायसन्सच्या परीक्षा मात्र व्हिसा, प्रल्हादची नोकरी आणि नेत्राचं लहानपण यांत मागे पडल्या. मग हे काम मिळालं, आवडलंही. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

गाडीत बसल्यावर सरलाबाईंनी विचारलं, "जिवंत जनावरं आठवतात का गं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"आठवतात," शोभना म्हणाली. "अंगाचा वाससुद्धा आठवतो."

तिनं गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोरच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत राहिली. सरलाबाईंनी पदर सारखा केला, सीटला पाठ टेकली आणि तिला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.