कोरडी आंघोळ

मी एक म्हातारी, अंडी द्यायची थांबलेली बदकीण आहे. मित्रांनो, तळ्यात पोहणारं बदक तुम्ही चित्रात पाहिलं असेल. मी मात्र अडीच वर्षं, तळं सोडाच, डोकं बुडेल एवढं पाणीही पाहिलं नव्हतं.

माझा जन्म यंत्रात झाला. आईची ऊब मला ठाऊक नाही. तिथे एक पिवळा दिवा होता. पिसं फुटल्यावर आम्हाला एका लांबलचक शेडमध्ये आणलं. पायाखाली तारेची जाळी, डोक्यावर पत्रा, खिडक्यांना गोणपाट. प्यायला एक नळी होती. तिच्या टोकाला चोच लावली की थेंब पडायचा. तहान भागायची, पण डोळे धुता येत नसत, नाकपुड्यांत अडकलेला भुसा निघत नसे. तारेने तळपायांना घट्टे पडले आणि पुढे ते चिघळले.

माझ्या शेजारणीचे डोळे तर चिकटूनच गेले होते. ती रोज सकाळी जाळीवर बसून मान खाली घालायची, झटकन वर करायची, नसलेलं पाणी पाठीवर उडवायची आणि पंख फडफडवायची. तिचं बघून मीही तेच करू लागले. हळूहळू अख्खी रांग करू लागली. अंग मात्र कोरडंच. मग दिवसभर करण्यासारखं काही नसायचं, तेव्हा आम्ही एकमेकींची पिसं उपटायचो. मीही उपटली आहेत. शेजारणीचीसुद्धा. सांगताना लाज वाटते.

मालकांची थोरली बहीण अंडी गोळा करायला यायची. तिनेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"भांडकुदळ जात आहे ही," मालक म्हणाले. "काहीतरी औषध द्या."

डॉक्टरीणबाई उकिडव्या बसून शेजारणीकडे बघत राहिल्या. "ही काय करतेय, कळतंय का तुम्हाला?"

"खुळी आहे ती."

"आंघोळ करतेय. औषध कसलं देऊ? पाणी द्या."

"शेडमध्ये पाणी सांडलं की चिखल, चिखल झाला की रोगराई. निस्तरायचं कुणी?"

"मग शेडमागे खडी टाका, त्यावर घमेली ठेवा. पाणी निथळून जाईल. आणि ते गोणपाट काढा आधी."

"तू दोन दिवस आंघोळ चुकवलीस तर घरात कुणी तुझ्याशेजारी बसत नाही," ताई भावाला म्हणाली. "यांना अडीच वर्षं झाली रे!"

मालक ओशाळून हसले. "बरं, आधी पलीकडची रांग सोडतो. महिनाभर बघू."

आम्ही अलीकडच्या रांगेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला. शेजारणीला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती आवाजाच्या दिशेने जाळीत चोच खुपसून उभी राहायची. जागा सोडेना, दाणा खाईना. एकोणिसाव्या दिवशी ताईने तिला उचललं, तेव्हा तिची मान लोंबत होती. त्या मानेवर एक पीस नव्हतं.

ताई भावाशी काय बोलली ते मी ऐकलं नाही. पण त्याच दुपारी आमचं दार उघडलं.

सगळ्या बाहेर पडल्या. मी उंबऱ्याशीच थिजले. तारेवर वाढलेल्या माझ्या पायांना जमीन परकी वाटली. ताईने मला उचलून अलगद घमेल्यात सोडलं, आणि मित्रांनो, मी बुडू लागले! आम्ही बदकं शेपटीजवळचं तेल चोचीने पिसांना चोपडतो, म्हणून तरंगतो. माझी पिसं कोरडी, तुटकी. त्यांनी चिंधीसारखं पाणी पिऊन घेतलं, आणि चिघळलेल्या पायांवर मला उभंही राहता येईना. ताईने ओढून काढलं नसतं तर बदक असून मी घमेल्यात मेले असते.

आता दार दिवसभर उघडं असतं. बाकीच्या हळूहळू सरावल्या, पाण्यात उतरतात, हल्ली फारशा भांडत नाहीत. मी काठावरून डोकं तेवढं बुडवते. आत उतरायचा धीर होत नाही.

परवा नवी पिल्लं आली. ताईने त्यांच्यापुढे उथळ परात ठेवली आणि ती कुणी न शिकवता पाणी उडवू लागली. मी बराच वेळ बघत उभी होते.

मित्रांनो, बदकं पाळाल तर पाणी त्यांना लहान असतानाच द्या. माझ्या वयाला आल्यावर नुसतं दार उघडून भागत नाही.