चौथं नाव

आमच्या गावची वस्ती तीन हजार. हजार माणसांमागं वर्षाला एकापेक्षा जास्त क्षयरुग्ण सापडला नाही, तर गाव क्षयमुक्त ठरतं आणि ढाल मिळते. अमुक सालापर्यंत हा रोग जगातून घालवायचा असं कुठल्याशा परदेशी शहरात ठरलं. ते दिल्लीला आलं, तिथून मुंबईला, आणि उतरत उतरत माझ्या मोबाईलपर्यंत पोचलं तेव्हा त्याचं एवढंच उरलं होतं, की तीनच्या वर नाव जाऊ द्यायचं नाही. मी प्रसेनजीत कांबळे, क्षयरोगाचा आरोग्यसेवक, अकरा वर्षं कंत्राटी. उचगावच्या पुढची तेरा गावं माझ्याकडं, त्यातलं एक माझं स्वतःचं.

तीन नावं मार्चमध्येच भरली. चौथी निघाली साक्षी, आमच्याच गल्लीतल्या यल्लव्वा आक्कांची लेक. वय एकोणीस, राजारामपुरीत पोलीस भरतीच्या क्लासला जायची. थुंकीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तिच्या छातीचा विचार आधी केला नाही, ढालीचा केला. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं. तिची मावशी पेठ वडगावच्या पलीकडं एका गावात राहते. मी साक्षीचं नाव तिथं घातलं. आमच्या धंद्यात हे नवं नाही. पेशंट बरा व्हायचा तेव्हा होतो, आधी तो शेजारच्या गावाला जातो.

"नाव कुठंबी असूंदे, गोळ्या त्याच की," मी आक्कांना म्हटलं.

"तुमी म्हंताय म्हंजे बरोबरच असंल, दादा."

दोन महिने सगळं झकास चाललं. ताप गेला, वजन तीन किलोनं वाढलं, पोरगी पहाटे पळायलाही जायला लागली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आणि आमचा उपचारही नेमका सहा महिन्यांचा. मी तिला चिडवायचो, थांब गं, चारच महिने राहिले.

मग वरूनच गोळ्या येईनाशा झाल्या. महिन्याची पाकिटं मिळायची ती आठवड्याची मिळायला लागली, मग चार दिवसांची. नाव तिकडं म्हणून गोळ्याही तिकडंच, त्यामुळं आक्का दर खेपेला कामाचा खाडा करून वडगावची एस.टी. धरायच्या. घोडं मरतं ओझ्यानं आणि शिंगरू हेलपाट्यानं, तशी त्यांची गत झाली. शेवटी तिथलं कपाटच रिकामं झालं. मी राजारामपुरीतली औषधांची दुकानं पालथी घातली. "कारखान्यातनंच माल न्हाय, पावणं," हे एकच उत्तर. सातव्या दिवशी साक्षीला परत ताप भरला. दहाव्या दिवशी आक्कांनी एक फडकं पदराआडून काढून मला दाखवलं. त्यावर रक्त होतं. गोळ्या मध्येच सुटल्या की हा जंतू निर्ढावतो, मग साध्या औषधाला तो हिंग लावूनही विचारत नाही. हे मी गावोगाव लोकांना सांगत फिरायचो.

आणि त्याच आठवड्यात आमच्या गावच्या उपकेंद्रात गोळ्यांचा एक अख्खा खोका आला. क्षयमुक्त गाव बघायला दिल्लीचे साहेब आणि परदेशी पाहुणे येणार होते. कपाट रिकामं दिसलं तर शोभा होईल, म्हणून इकडून तिकडून गोळा करून तो पाठवला होता. मी धावत गेलो. तिथला डॉक्टर अभिनंदन चौगुले सत्तावीस वर्षांचा, वाईट माणूस नव्हे, पण त्या दिवसांत त्याला धड जेवायलाही फुरसत नव्हती.

"चार पाकिटं द्या, डॉक्टर. पोरगी रक्त थुंकतीय."

"तिचं नाव आपल्याकडं न्हायच, प्रसेन. कुणाच्या नावावर देऊ? रोज संध्याकाळी कपाटाचा फोटो मागत्यात."

"नाव परत आणतो हिकडं."

"पाहुणे यायच्या दोन दिवस आधी? चौथं नाव?" त्यानं कपाटाला कुलूप लावलं. "शुक्रवारी गाड्या गेल्या की खोका तुझ्या हातात देतो. शब्द हाय माझा. तेवढं नीट पार पडू दे."

बुडत्याला काडीचा आधार. मी तडक आक्कांकडं गेलो आणि म्हणालो, "पाव्हण्यांनी विचारलं तर आमच्यात कुणी आजारी न्हाय म्हणायचं. एवढं बोला, त्याच दिवशी गोळ्या आणून देतो." आक्कांनी ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

शुक्रवारी तीन गाड्या आल्या. ढाल बघून झाली, कपाट उघडून झालं, फोटो निघाले. मग त्यांच्यातल्या एक वयस्कर परदेशी बाई म्हणाल्या, यादीत नसलेलं एक घर बघायचंय. आणि त्या सरळ आमच्या गल्लीत वळून यल्लव्वा आक्कांच्या दारात उभ्या राहिल्या. आत पडद्याखालून मला साक्षीचे पाय दिसत होते. खोकला दाबायला तिनं तोंडात टॉवेल कोंबला असणार.

बाईंनी विचारलं, डॉक्टरनं मराठीत सांगितलं, "घरात कुणाला ताप, खोकला?"

आक्कांनी हात जोडले. "आमच्यात कुणी आजारी न्हाय."

बाई हलल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात आणखी काही विचारलं. या वेळी डॉक्टरचा आवाज कापत होता. "कुणी असंल तर सांगा म्हणत्यात. आत्ता, हितंच मदत करतो म्हणत्यात."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण मला तो खोका दिसत होता. खरं बोललो तर चौकशी लागेल, कपाटाला सील लागेल, आणि हातातोंडाशी आलेल्या गोळ्या जातील, एवढंच डोक्यात होतं. मी खाली बघितलं.

"न्हाय बाई," आक्का म्हणाल्या. "कुणी न्हाय."

बाईंनी हसून हात जोडले. गाड्या निघाल्या आणि मी उपकेंद्राकडं पळत सुटलो. शिपाई कृष्णात कपाटाजवळ उभा होता. कपाट उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

"खोका कुठाय?"

"म्होरल्या गाडीतनं गेला की. पावणं आता दुसऱ्या गावात जेवणार हाईत. तितलं कपाट भराय नगं व्हय?"

मी डॉक्टरला फोन लावला. तो पाहुण्यांच्या गाडीत होता. "मला न विचारता उचलला, प्रसेन," एवढंच तो कुजबुजला आणि फोन बंद झाला. मी मोटारसायकल काढून हायवेपर्यंत गेलो. कुठलं गाव हे कृष्णातला ठाऊक नव्हतं. फाट्यावर उभा राहून मी आधी त्या सगळ्यांना शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या आणि परत फिरलो.

आक्कांनी साक्षीला पेज पाजून भिंतीला टेकवून बसवलं होतं. शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी आत गेल्याबरोबर दोघींनी माझ्या हातांकडं बघितलं. मग आक्कांनी पदरानं तोंड पुसलं.

"दोनदा विचारलं त्या बाईनं," त्या म्हणाल्या. "दोन्ही येळंला मी तुमी सांगितल्यागतच बोलले की, दादा."