अंगठ्याएवढी लाल जागा

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. सध्या उभा नाही, आडवा आहे. केल हॅरोपच्या यंत्रांच्या शेडमागे, कुंपणाला लागून मला टाकलं आहे. उशाला गंजलेला नांगर, पायथ्याशी रिकामी पिंपं, हा माझा शेजार. सकाळी गुलाबी काकाकुवे अंगावर येऊन बसतात, चोची घासतात आणि उडून जातात. मग दिवसभर कुणी फिरकत नाही. बोलायला कुणी नसलं की जुनं आठवत बसायची खोड लागते. तुम्ही आलाच आहात, तर थोडं ऐकून घ्या.

मी मूळचा निलगिरीच्या झाडाचा. बिरिंगल गावाच्या दक्षिणेला तळ्याकाठी दाट लावलेल्या झाडांत मी वाढलो. दाटीत हातपाय पसरायला जागा नसते, म्हणून सरळसोट वर गेलो. त्या सरळपणानंच माझा घात केला. गावाला फुटबॉलच्या मैदानासाठी नवे खांब हवे होते. क्लेम नॉस्की नावाचा गव्हाचा शेतकरी, तेव्हा ऐन पंचविशीतला, खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. मान वर करून त्यानं मला पायापासून शेंड्यापर्यंत न्याहाळलं आणि सोबत्यांना म्हणाला, "हा घ्या. याला वाकणं माहीत नाही." पुढे कळलं, की त्यालाही ते माहीत नव्हतं.

मला तासलं, वाळवलं, पांढरा रंग दिला आणि मैदानाच्या एका टोकाला पुरलं. आमच्याकडचा फुटबॉल गोल चेंडूचा नसतो बरं का. चेंडू लाल चामड्याचा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मी मधल्या उंचांपैकी डावीकडचा. लाथाडलेला चेंडू आम्हा दोन उंच खांबांच्या मधून कुठेही न लागता गेला, तर गोल, म्हणजे सहा गुण. पण जाता जाता मला नुसता शिवला, तरी सहाचा एक होतो. म्हणजे पाहा, माझा उपयोग काय, तर मला कुणी लागू नये! सगळे माझ्याकडे बघायचे आणि सगळे मला टाळायचे. असलं नशीब घेऊन मी कित्येक हिवाळे उभा होतो.

तरी ते दिवस सोन्याचे होते. शनिवारी मैदानाभोवती गाड्या लावून लोक काचेआडून सामना बघायचे. आपल्या गावानं गोल केला, की सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजायचे. बायका सॉस घातलेले खिम्याचे गरम पॅटिस विकायच्या. आणि माझ्या पायथ्याशी पांढरा डगला, पांढरी टोपी घालून क्लेम उभा असायचा. गुडघा कामातून गेल्यावर त्यानं खेळणं सोडलं होतं आणि तो गोलचा पंच झाला होता. गोल झाला, की दोन बोटं पुढे करायची आणि दोन झेंडे फडकवायचे. चेंडू खांबाला लागला, की एकच बोट, एकच झेंडा. दर वर्षी ईस्टर झाला, की तोच शिडी लावून मला रंग द्यायचा. रंगवताना एकटाच बडबडायचा, आणि ऐकायला मी सोडून कुणी नसे.

त्याची नात ब्राँटी त्याच्याकडेच वाढली. आजोबांना ती पॉप म्हणायची. घर मैदानासमोरच, रस्त्यापलीकडे. तिच्या वयाची मुलगी गावात नव्हती आणि मुलं शेतांवर लांब-लांब राहायची. म्हणून शाळा सुटली, की ती चेंडू घेऊन माझ्याकडे यायची. लांबून लाथ मारायची, मी चेंडू परत फेकायचो, ती उडी मारून झेलायची. मारायची, धावायची, झेलायची. अंधार पडला, की पलीकडच्या ओट्यावरून क्लेम ओरडायचा, "ए ब्राँटी, खांबालाही घरी जायचंय!" मला कुठे घर होतं? पण हाक ऐकून बरं वाटायचं.

ती मुलांच्या संघातून खेळायची आणि त्यांच्या डोक्यावरून चेंडू काढून न्यायची. पण तेव्हा नियम असा, की चौदा वर्षांची झाली, की मुलीनं मुलांबरोबर खेळायचं नाही. ब्राँटीला चौदावं पूर्ण होत आलं होतं आणि मुलींचा संघ आसपास कुठेच नव्हता. त्यामुळे त्या वर्षी सप्टेंबरमध्ये, आमच्याकडे हिवाळा सरताना झालेला टंबूल गावाविरुद्धचा अंतिम सामना हा तिचा शेवटचाच सामना होता. आदल्या दिवशी माझ्या अंगावर पाठ टेकून ती बराच वेळ बसली होती. रडली नाही, नुसती बसली.

सामन्याच्या दिवशी झिमझिम पाऊस होता. चेंडू कोरा होता आणि भिजून त्याचा रंग सुटला होता. सगळ्यांचे पंजे लाल झाले होते. बिरिंगल चार गुणांनी मागे असताना माझ्यासमोर ब्राँटीनं चेंडू झेलला आणि त्याच क्षणी सामना संपल्याचा भोंगा वाजला. झेल पकडणाऱ्याला भोंग्यानंतरही एक लाथ मारायला मिळते. तिनं चेंडू हातात फिरवला, मोजकी पावलं धावली आणि लाथ मारली.

चेंडू उंच आला, सुरेख आला. शेवटी वाऱ्यानं जरासा ढकलला. माझ्या आतल्या कडेला, खूप वर, मला तो शिवला. वहिनीनं जाता जाता दिराच्या डोक्यावर टपली मारावी, इतकाच. मग आत गेला.

गाड्यांचे भोंगे सुरू झाले. पोरं नाचायला लागली. क्लेम माझ्या पायथ्याशी मान वर करून उभा होता. त्यानं तो आवाज ऐकला होता, फक्त त्यानंच. मग त्यानं एक बोट पुढे केलं आणि एकच झेंडा उचलला.

भोंगे एकेक करून थांबले. गाडीतून केल हॅरोप ओरडला, "अरे क्लेम, चष्मा काय पॅटिसवाल्यांकडे गहाण ठेवलास का?"

ब्राँटी धावत आली. "पॉप, लागला नाही! हललासुद्धा नाही चेंडू!"

"लागला, पोरी."

"कुठे लागला? दाखव ना!"

"वर लागला. मी ऐकला."

"तू ऐकलास? लोक म्हणतील, नातीला जिंकवलं, याची भीती वाटली तुला! माझा शेवटचा होता पॉप, हा शेवटचा होता!"

क्लेमनं झेंडा गुंडाळला. "लागला," एवढंच परत म्हणाला. मला तोंड असतं तर मी सगळ्या मैदानाला सांगितलं असतं, की अहो, म्हातारा खरं बोलतोय. पण खांबाला कोण विचारतं?

त्या संध्याकाळी ती आली नाही. पुन्हा कधीच आली नाही. पुढच्या वर्षी शहरातल्या शाळेत गेली आणि गोल चेंडूचा फुटबॉल खेळायला लागली. गोलरक्षक झाली. मग परदेशात, स्वीडनमधल्या मोठ्या संघात खेळून पोट भरायला लागली. हे सगळं मला क्लेमकडून, शिडीवरून कळलं.

त्या सामन्यानंतरच्या ईस्टरला तो रंगाचा डबा घेऊन वर चढला आणि मध्येच थांबला. माझ्या आतल्या कडेवर, खालून दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याएवढा लाल ठसा होता. ओल्या चामड्याचा. तो किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता धावत खाली उतरेल, फोन करेल, तिला बोलावून घेईल. पण त्यानं त्या ठशावर थोडं वार्निश फिरवलं, त्याच्या भोवतीनं ब्रश नेला आणि म्हणाला, "राहू दे. माझ्या शब्दावर जिचा भरवसा नाही, तिला पुरावे काय दाखवायचे? विचारील तेव्हा दाखवीन."

तिनं विचारलं नाही. दर वर्षी तो रंग द्यायचा आणि ती जागा सोडायचा. भोवतीचा रंग थरावर थर चढून जाड झाला आणि ठसा खड्ड्यात बसल्यासारखा दिसू लागला. ती दोन-तीन वर्षांनी सुट्टीला यायची. ओट्यावर दोघं चहा प्यायची. पावसावर बोलायची, गव्हावर बोलायची, नॅनच्या, म्हणजे ब्राँटीच्या आजीच्या, थडग्यावरच्या फुलांवर बोलायची. मैदानाकडे पाठ करून बसायची दोघंही. मी इकडून बघायचो आणि मनात म्हणायचो, अगं, रस्ताच तर ओलांडायचाय!

एकदा शिडीवर चढून क्लेम म्हणाला, "ऐकलंस का रे? टीव्हीवर तिला विचारलं, उंचावरचे चेंडू असे कसे झेलतेस? म्हणाली, लहानपणी आमचा लांबट चेंडू खेळायची. आणि तुझा पहिला गुरू कोण? तर म्हणाली, गावातला एक खांब." तो हसला. "तुझं नाव घेतलं बघ. माझं नाही." मला त्या दिवशी माझ्या कौतुकाची लाज वाटली.

पुढे गाव रोडावलं. पोरं शहरात गेली, संघाला माणसं पुरेनात, आणि शेवटी आमचा संघ टंबूलच्या संघात मिसळून गेला. ज्यांच्याशी जन्मभर लढलो त्यांच्याच मैदानावर आता बिरिंगलची पोरं खेळायला जाऊ लागली. इथे गवत गुडघ्याएवढं झालं. तरी ईस्टर झाला, की क्लेम डबा घेऊन हजर.

"कुणासाठी रंगवतोस रे?" केल गाडी थांबवून विचारायचा. "काकाकुव्यांसाठी?"

"त्यांची अजून तक्रार नाही," क्लेम म्हणायचा.

मग एक ईस्टर तो आला नाही. घरात पडला, कंबर मोडली. दुसऱ्या ईस्टरलाही आला नाही. माझा रंग उन्हानं तडकला, पोपडे निघाले, एकही माणूस जवळ आलं नाही. ते एकटेपण मी कसं सांगू तुम्हाला? पूर्वी मला सगळे टाळायचे, पण टाळण्यासाठी का होईना, बघायचे तरी.

शेवटी मैदान पेरायला द्यायचं ठरलं. केल ट्रॅक्टर घेऊन आला आणि आम्हाला उपटायला लागला. त्याच दिवशी रस्त्यापलीकडच्या घराला कुलूप लागत होतं. ब्राँटी आली होती. आता तीही खेळातून निवृत्त झालेली, पोक्त बाई. क्लेमला ती मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात घेऊन निघाली होती. मैदानाजवळ आल्यावर त्यानं काहीतरी म्हटलं असावं, कारण तिनं पिकअप गाडी कडेला घेतली. तो आतच बसून राहिला. ती एकटी उतरली.

मी तेव्हा नुकताच आडवा झालो होतो. केल घाम पुसत म्हणाला, "ये, ये! तुझा गुरुजी बघ कसा लोळतोय. कापून एक तुकडा देऊ का, आठवण म्हणून?"

ती हसली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या अंगावरून हात फिरवत ती वर-वर सरकली. जाड रंगावरून बोटं चालत होती आणि एका जागी ती खाली गेली. तिनं वाकून बघितलं. वार्निशखालचा लाल रंग विटून विटकरीसारखा झाला होता, पण चामड्याच्या शिवणीची रेघसुद्धा दिसत होती. तिनं भोवतीच्या थरांवर नख फिरवलं. पांढरा, पांढरा, पांढरा. प्रत्येक थर ठशापाशी येऊन थांबलेला.

"केल," ती हळूच म्हणाली, "हे रंगवायचं राहिलं कसं?"

"राहिलं? म्हातारा एक इंच सोडायचा नाही. एवढंच सोडायचा. मी विचारलं, तर म्हणायचा, ही जागा ब्राँटीची आहे."

ती उठली. गाडीकडे तोंड करून ताठ उभी राहिली, पंच उभा राहतो तशी. आणि तिनं एक हात पुढे करून एकच बोट दाखवलं. दोन नाहीत. एक.

मग म्हातारा आपल्या जागेवरून कण्हत-कण्हत स्टिअरिंगच्या चाकाकडे कलला आणि त्यानं भोंगा दाबला. एवढ्या रिकाम्या मैदानावर एकट्या गाडीचा भोंगा वाजला.

ती धावत गेली. काच खाली होती, त्यामुळे मला ऐकू आलं.

"पॉप, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "त्याच दिवशी. सगळ्यांसमोर."

तिनं खिडकीतून आत वाकून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली, मोठ्यानं. त्यानं तिच्या केसांवर हात ठेवला होता. मग गाडी गेली. माझ्याकडे वळून बघायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही, आणि मित्रांनो, त्याचं मला वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं.

केलनं मला इथे आणून टाकलं. कधीतरी कुणी मला कापून कुंपणाला वापरेल, नाहीतर थंडीत जाळेल. माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. मला कापाल तर तो ठसा सोडून कापा, आणि रंगवाल तर तेवढी जागा राखा. आणि तुमच्या घरात कुणी तुम्हाला तोंडावर खरं सांगितलं आणि ते तुम्हाला झोंबलं, तर खुशाल रुसा, पण फार दिवस रुसू नका. एकदा जवळ जाऊन विचारा. माणसं माझ्यासारखी नसतात, ती वाट बघत नुसती उभी राहू शकत नाहीत.