शेवटच्या ओळीतला घ

मी चष्मेवाला. अर्धं गाव माझ्याच काचांतून एकमेकांचे दोष बघतं. आणि डावा डोळा अधू निघाला तो माझ्याच पोराचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यात साहेबांना विमान चालवायचं होतं. लढाई सुरू झाली तसा हट्ट वाढला. हिचा, म्हणजे त्याच्या आईचा, विरोध. म्हणून गुपचूप मीच त्याच्याकडून डोळे तपासायचा तक्ता पाठ करून घेतला. तक्ता सगळीकडे एकच, एकाच छापखान्यातला. तीन आठवडे रोज संध्याकाळी, शटर अर्धं ओढून. शेवटची ओळ ल, त, घ, प, न, र. गाढव ‘घ’पाशी हटकून अडायचा. दुकानामागेच घर, पण हिचं शिलाई मशीन एकदा खडखडायला लागलं की बॉम्ब पडला तरी हिला कळायचं नाही, असा माझा समज.

भरतीच्या तपासणीत पोरगा पास झाला. मला आश्चर्य वाटल्याचं सोंगही मी वठवलं.

अकरा महिन्यांनी त्याचं विमान डोंगरावर आदळलं. सांगायला आलेला अधिकारी म्हणाला, ढग इतके होते की डोंगर कुणालाच दिसला नसता. मी तीनदा विचारलं, कुणालाच? तिन्ही वेळा तो हो म्हणाला. भला माणूस. पण पोराला मीच मारलं हे काही माझ्या डोक्यातून जाईना. आणि हिला कळलं तर ही माझं तोंड बघणार नाही, या भीतीने मी घरात बोलणंच टाकलं.

परवा हिला सुईत दोरा ओवता येईना. दुकानात आणून खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला. दुसऱ्या ओळीलाच गाडी अडली. तरी सवयीने तोंडातून गेलं, शेवटची वाच.

“ल, त, घ, प, न, र.”

मी विचारलं, “दिसतंय?”

“नाही.”

मी तक्त्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

“भिंत पातळ आहे,” ती म्हणाली. “आणि तुमचा आवाज मोठा. मी मशीन रिकामंच चालवायचे, तुम्हा दोघांना संकोच नको म्हणून.”

“मग अडवलं का नाहीस?”

“त्याला ‘घ’ जमला ना, त्या दिवशी मलाही आनंद झाला हो.”

मी स्टुलावर बसून रडलो, दारात आलेल्या गिऱ्हाइकाच्या देखत. ती एक डोळा झाकलेलाच ठेवून थांबली. मग म्हणाली, आता काचा बदला, दोरा ओवायचा राहिलाय.