बापाची उत्तरं

क्लोविसने चष्मा दोनदा पुसला, तरी वहीला हात लावला नाही.

"ओळखलीत ना?" बेराँजेरने विचारलं.

"न ओळखायला काय झालं? अक्षर माझंच आहे."

खेड्यापाड्यांतल्या कॅथलिक शेतीशाळांचा इतिहास लिहायचा म्हणून तीन वर्षं ती चर्चच्या दप्तरखान्यांतली धूळ उपसत होती. त्यात १९५६ची ही वही म्हणजे घबाडच. पोरांनी एक आठवडा शाळेत राहायचं, तीन आठवडे घरी. घरी बापाला शेताबद्दल प्रश्न विचारायचे, उत्तरं त्याच्याच शब्दांत उतरवायची, खाली त्याची सही घ्यायची. फादर मंडळींचा हिशेब साधा होता, त्यानिमित्ताने बापलेक बोलतील तरी. या वहीतल्याइतकी भरभरून उत्तरं दुसऱ्या कुठल्याच बापाने दिली नव्हती. बेराँजेरच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण या एका वहीवर उभं होतं.

"वाचा की मोठ्यानं," चुलीपाशी बटाटे सोलत बसलेली लेओनी म्हणाली. क्लोविसची ही धाकटी बहीण, पंचाहत्तरीची. "बाबा बोलायचे हेच मला नवीन. मला जन्मात 'ऊठ' नि 'हो बाजूला' याखेरीज काही म्हणाले नाहीत."

बेराँजेरने वाचलं. "प्रश्न: बांधावरची कुठली झाडं तोडणार? उत्तर: विहिरीजवळची नाशपाती सोडून सगळी. तिच्या सावलीत आमची चिमुरडी बसते."

लेओनीच्या हातातली सुरी थांबली. तिने एप्रनने डोळे टिपले.

"खरंच असं म्हणाले, दादा?"

"म्हणाले म्हणून तर लिहिलंय. आता रडत बसू नकोस, कॉफी थंड होतेय."

छापायच्या परवानगीचा कागद बेराँजेरने पुढे केला. क्लोविसने सावकाश आडनाव लिहिलं आणि खाली दोन तिरक्या रेघा ओढल्या. तिने सहज वहीकडे पाहिलं. बापाच्या सहीखालीही त्याच दोन रेघा होत्या, पानोपानी. म्हणजे सह्याही यानेच केलेल्या, उत्तरंही याचीच. अख्खं प्रकरण पाण्यात! तिने मान वर केली. म्हाताऱ्याने नजर चुकवली नाही. हळूच बहिणीकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. बेराँजेरने वही मिटली.

लेओनी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. बाहेर झिमझिम चालू होती, आवारात चिखल झाला होता.

"विहीर कुठेशी?" काहीतरी बोलायचं म्हणून बेराँजेरने विचारलं.

"ती काय. पण झाड नाही हो तिथे. बाबांनी त्याच हिवाळ्यात तोडलं. मी रडले तर कानफटात दिली."

बेराँजेर जागच्या जागी थांबली. "म्हणजे तुम्हाला..."

"तेव्हा सात वर्षांची होते, खुळी नव्हते." लेओनीने फाटकाची कडी काढली. "तुम्ही पुस्तकात खरं तेच लिहा, बाई. फक्त त्याची प्रत इकडे धाडू नका. मला पटलं, असंच वाटू दे दादाला."